रुचीच्या पोटावरचे तीन डाग

मु. डोंगरटोला, ता. अर्जुनी मोरगाव
१६ जानेवारी २०२५

चि. हेमेंद्रास सेवकरामचे आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन मायने स्पीकरवर लावून शेजारच्या तीन घरांना ऐकवला. माझ्या वाट्याला तो आलाच नाही, म्हणून लिहितो. तू गोंदियाला होस्टेलमध्ये होतास तेव्हापासूनची आपली सवय. मला मोबाइलवर अक्षरं दाबता येत नाहीत. कागदावर लिहून फोटो पाठवतो, तूही तसंच कर.

दोन आठवडे घरात चार वर्षांची पोर होती, आता अंगण मोठं झाल्यासारखं वाटतं. ती आपल्या तलावाला समुद्र म्हणायची. मायने तिला शंभरदा समजावलं, की हा समुद्र नाही, तुझ्या पणज्याच्या बापाने बांधलेला तलाव आहे. तरी जाताना ती समुद्रालाच हात करून गेली. तुझी वहिनी निर्मला अजून तिच्यासाठी दूध काढून ठेवते आणि मग आठवलं की मांजरीला घालते.

उन्हाळी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले आहेत. यंदा तलावाच्या पाणीवाटपाचं काम गावाने माझ्याकडे दिलं आहे.

रुचीचं पोट कसं आहे? गार पाणी देऊ नका. अंगावर काही उठलं-बिठलं असेल तर खोबरेल तेल लावा, आपोआप जातं. डॉक्टरकडे धावायची गरज नाही.

तुझा,
दादा


हामामात्सु
२३ जानेवारी २०२५

ती. दादास सा. न.

पत्र मिळालं. दुर्गेश्वरीने मोठ्याने वाचलं, रुचीने मांजरीचं तेवढं दोनदा वाचायला लावलं.

आमचं चक्र सुरू झालं. सकाळी साडेसहाला रुचीला उठवतो, ताप मोजतो. ताप नसला तरी मोजायचा, कारण इथे जपानात पाळणाघराची एक वही असते. त्यात रोज लिहावं लागतं: आज ताप किती, काल रात्री काय जेवली, किती वाजता झोपली, शी झाली का. संध्याकाळी बाई त्याच वहीत लिहून देतात, की आज रुचीने गाजर खाल्लं, आज तिने एका मुलाला ढकललं आणि नंतर माफी मागितली. तू मला होस्टेलला लिहायचास तसंच. दुर्गेश्वरी तिला सायकलच्या मागच्या खुर्चीत बांधून नेते. थंडी हाडात शिरते, तरी इथली पोरं उघड्या गुडघ्यांनी खेळतात. माय पाहील तर बाईंना शिव्या देईल.

रुचीच्या पोटावर, बेंबीच्या बाजूला, तीन काळपट ठिपके दिसतात. इथे आल्यावर आंघोळ घालताना दुर्गेश्वरीला दिसले, तिकडे आंघोळ मायच घालायची. गावात काही चावलं असेल असं आम्हाला वाटतं. पाळणाघरात दुपारी झोपायच्या आधी कपडे बदलतात, तेव्हा बाईंनी, कोनिशी सेन्सेईंनी, पाहिले आणि वहीत विचारलं. दुर्गेश्वरीने लिहिलं, किडा चावला. तू खोबरेल लिहिलं होतंस, तेच लावतो आहोत.

मायला नमस्कार.

हेमेंद्र


हामामात्सु
४ फेब्रुवारी २०२५

दादा,

हे पत्र मायसमोर वाचू नकोस.

काल पाळणाघरात मुलांची तपासणी होती. डॉक्टरांनी रुचीचं पोट पाहिलं आणि म्हणाले, हे किड्याचं नाही, भाजल्याचे डाग आहेत, तीनही सारखे, एका अंतरावर. इथे असं दिसलं की कळवावंच लागतं, नाही कळवलं तर त्या बाईंची चूक धरतात. मुलांच्या रक्षणासाठी सरकारी ऑफिस आहे. तिथले दोन लोक आले आणि रुचीला तिथूनच घेऊन गेले. दुर्गेश्वरी चार वाजता सायकल घेऊन न्यायला गेली, तर कोनिशी सेन्सेई दारात उभ्या होत्या, रडत होत्या, आणि रुचीचे बूट खणात नव्हते.

ती कुठे ठेवली आहे ते सांगत नाहीत. भेटू देत नाहीत. चौकशी होईपर्यंत, म्हणतात. दोन महिनेही लागू शकतात. तिला कोणी मारत-जाळत नाही हे त्यांना पटलं तर ती घरी येईल, नाही पटलं तर पुढे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आम्हाला त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं. दामिनीताई म्हणून नागपूरच्या एक बाई दुभाषा म्हणून आल्या. मी सांगितलं, आम्ही गावाला गेलो होतो, तिथे काही झालं असेल. ते म्हणाले, तिथल्या घरच्यांनी तसं लिहून द्यावं.

दादा, तुला काही माहीत आहे का? आम्ही दोन दिवस चिचगडला दुर्गेश्वरीच्या भावाच्या लग्नाला गेलो, वहिनीही आमच्यासोबत होती, रुची तुझ्याजवळ आणि मायजवळ राहिली. तेव्हा ती पडली, भाजली, काही झालं? जे असेल ते स्वतःच्या हाताने लिही आणि सही कर. उद्याच पाठव.

हेमेंद्र


मु. डोंगरटोला
६ फेब्रुवारी २०२५

चि. हेमेंद्रास आशीर्वाद.

पत्र वाचलं. देवाजवळ दिवा लावून बसलो आहे.

तू मागितलेला मजकूर खाली लिहितो, तो तसाच त्यांना दे.

"मी सेवकराम दुधराम कापगते, राहणार डोंगरटोला, लिहून देतो की माझी पुतणी रुची ही आमच्या घरी असताना तिला कोणीही भाजलेलं नाही, मारलेलं नाही, तिला कोणतीही इजा झालेली नाही. आमचं घर माळकरी आहे. हे खरं आहे."

खाली सही केली आहे. आपल्या गावातल्या बकारामच्या हातून काय झालं ते तुला आठवत असेल. एका सागाच्या लाकडासाठी वनखात्याच्या साहेबासमोर 'हो, मीच तोडलं' असं लिहून बसला. त्याला वाटलं खरं बोललं की सुटतो, आणि नऊ वर्षं कोर्टाच्या तारखा करत राहिला. सरकार कुठलंही असो, कागदावर कबूल केलं की माणूस अडकतो. तुम्हीही तिकडे कशावर सही करू नका. आपलं घर चांगलं आहे एवढंच त्यांना कळलं पाहिजे.

मायला सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, पोरगी फोनवर काऊन येत नाही. मी सांगतो, शाळेत आहे.

दादा


हामामात्सु
१९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझा कागद मी दामिनीताईंकडून भाषांतर करून दुसऱ्याच दिवशी त्या ऑफिसात दिला. मला वाटलं, आता सुटलो.

त्यांनी तो शांतपणे वाचला. मग त्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "भारतात काही झालं नाही, असं तुमचे भाऊ लिहितात. म्हणजे जे झालं ते इथे आल्यावर झालं. इथे घरात तुम्ही दोघेच आहात." तुझी सही माझ्या समोर होती.

यापेक्षाही वाईट आहे ते लिहितो. त्यांनी रुचीला विचारलं, हे कोणी केलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आईला सांगायचं नाही." एवढंच. दर वेळी एवढंच. त्यांनी ते लिहून घेतलं आहे. आता त्यांना वाटतं की हे मी केलं आणि पोरीला धमकावलं.

सोळा दिवस झाले. दुर्गेश्वरी सकाळी साडेसहाला उठते, वही उघडते, तारीख घालते आणि तापाचा रकाना रिकामा ठेवून वही मिटते. माझ्याशी गरजेपुरतं बोलते. परवा भात वाढता वाढता तिने विचारलं, "तुम्ही नाही ना केलं?" मी नाही म्हणालो. तिने मान हलवली. पण दादा, तिने विचारलं.

काल आंघोळ करताना मी माझं पोट पाहिलं. बेंबीच्या बाजूला तीन ठिपके. मी सहा वर्षांचा असताना जुलाब थांबत नव्हते म्हणून मायने बिब्याच्या तेलाचे चटके देऊन घातलेले. इतकी वर्षं मी ते पाहतो आहे, म्हणून आता दिसतच नाहीत. पोरीच्या अंगावर दिसले तेव्हा मी म्हणालो, किडा चावला. मला ओळखू आले नाहीत, की ओळखायचे नव्हते, हे मला सांगता येत नाही.

मी दामिनीताईंना म्हणालो, माझे डाग त्यांना दाखवतो. त्या म्हणाल्या, दाखवू नका, ते म्हणतील बापाला हे बरोबरच वाटतं.

मायने बिबा घातला ना? सरळ लिही. माय सत्तरीची आहे, तिला कोणी पकडून नेणार नाही. तुझ्या एका कागदाने पोर अडकली आहे.

हेमेंद्र


हामामात्सु
२४ फेब्रुवारी २०२५

दादा,

पाच दिवस झाले. तू पत्र पाहिल्याच्या निळ्या खुणा माझ्या फोनवर दिसतात. तू फोन उचलत नाहीस. वहिनी म्हणते, ते पाण्याच्या पाळीवर गेले आहेत.

हेमेंद्र


मु. डोंगरटोला
२७ फेब्रुवारी २०२५

चि. हेमेंद्र,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

बिबा मायने घातला नाही. मी घातला.

तुम्ही चिचगडला गेलात त्या दिवशी, पाच जानेवारीला, रुचीने दुपारी पोटभर बोरं खाल्ली. संध्याकाळी पोट धरून रडायला लागली. मायने ओवा दिला, हिंग लावला. पोर थांबेना. माय म्हणाली, "पोरगी तडफडून राहिली अन् तू काय पाहून राहिला? बिबा आण. माहा हात कापते, तू घाल." मी म्हणालो, हेमेंद्रला फोन करून विचारतो. ती म्हणाली, "त्याले काय विचारतोस? त्याचं पोट बिब्यानंच थांबलं होतं." मी फोन हातात घेतला होता. ठेवून दिला. तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून ठेवला. आरोग्य केंद्र चार किलोमीटरवर आहे, गाडी दारात होती. हेही लिहितो.

बिब्याला दाभण टोचलं, दिव्यावर धरलं, तेल सुटलं तसं तीन ठिकाणी लावलं. पोरीचे हात मायने धरले होते. ती ओरडली. मग थोड्या वेळाने झोपली, आणि आम्ही दोघं म्हणालो, पाहा, गुण आला. बोरं खाल्लेल्या पोराचं पोट तसंही तासाभरात थांबतं. तेव्हा हे सुचलं नाही.

सकाळी ती उठली आणि पोट दाखवून म्हणाली, आई आली की आईला दाखवीन. मी तिला मांडीवर घेऊन म्हणालो, "आईले सांगू नको, आई रागावते." तिने विचारलं, कधीच नाही? मी म्हणालो, कधीच नाही. तिने माझ्या हातावर हात मारून कबूल केलं.

तुझं पत्र वाचलं आणि मला तेवढंच दिसत राहिलं. परक्या मुलखात, परक्या माणसांसमोर, चार वर्षांची पोर मला दिलेला शब्द पाळून बसली आहे. आणि मी, मोठा माणूस, देवाजवळ दिवा लावून खोटं लिहिलं.

इतके दिवस मी काय केलं तेही सांगतो. दोन दिवस पाण्याच्या दारावर बसून होतो. माझं लक्ष नव्हतं, पाणी सुटलं ते सुटलंच आणि शेजारच्या लीलाधरच्या शेतात, नव्या रोवलेल्या धानात, गुडघाभर साचलं. तो भांडला, मी ऐकून घेतलं. काल महाशिवरात्र होती. दरवर्षीसारखा आपल्या इथल्या प्रतापगडच्या महादेवाला चालत गेलो. अर्धा डोंगर चढून रांगेत उभा राहिलो. पुढे एक बाई लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. मी महादेवाला काय मागणार होतो? रुचीला सोडव, असं. तिला अडकवणारा कागद माझा, आणि सोडवायला महादेवाला सांगायचं. रांगेतून बाहेर पडलो आणि खाली उतरलो.

आज सकाळी आरोग्य केंद्रात गेलो. तरुण डॉक्टर आहेत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पन्नाशीला आलात, माळ घालता. लेकराचं पोट दुखलं तर मला फोन करायचा, की लेकराला चटके द्यायचे? मागच्या वर्षी असंच एक लेकरू माझ्याकडे आलं, जखम चिघळून. तुमचं वाचलं म्हणून इथे बसून बोलता आहात." मी म्हणालो, हे सगळं कागदावर लिहून द्या. त्यांनी वर पाहिलं. बिबा काय असतो, त्याचे डाग कसे दिसतात, किती दिवस राहतात, आणि मी स्वतः येऊन काय कबूल केलं, हे त्यांनी इंग्रजीत लिहून शिक्का दिला. सोबत पाठवतो.

दुसरा कागद माझा. तारीख, वेळ, कशाने केलं, कुणी केलं, आई-बाप कुठे होते, पोरीला काय शिकवलं, आणि सहा फेब्रुवारीचा माझा कागद खोटा होता, हे सगळं लिहिलं आहे. मायचं नाव मी घालणार नव्हतो. मायने कागद वाचून दाखवायला लावला आणि म्हणाली, "हात म्या धरले, ते काऊन नाही लिहिलं?" मग लिहिलं. तिने खाली अंगठा केला आहे. बकारामसारखं व्हायचं असेल तर माझं होवो. मूळ कागद आज अर्जुनीहून पोस्टाने निघाले.

तिसरा कागद रुचीसाठी. तिला वाचता येत नाही, पण माझा आवाज ती ओळखते, म्हणून तो मी फोनमध्ये वाचून पाठवला आहे. त्यांनी ऐकू दिलं तर ऐकवा. एवढंच म्हटलं आहे: "रुची, मी मोठेबाबा. मी तुला सांगू नको म्हणालो होतो. ते मी चुकीचं सांगितलं. तू सगळ्यांना सांग, आईलाही सांग. माझा शब्द तू पाळला, आता तो सुटला."

दुर्गेश्वरीला माझ्या तोंडाने काही सांगू नकोस. पोर कशी आहे तेवढं कोणीतरी कळवा.

सेवकराम


हामामात्सु
२८ फेब्रुवारी २०२५

दादा,

तीनही कागद दिले. आवाज त्यांनी आधी दामिनीताईंकडून समजून घेतला. रुचीला ऐकवायचा की नाही हे ते ठरवतील. त्या मोठ्या बाईंनी विचारलं, "पहिला कागद खोटा, मग दुसरा खरा कशावरून?" मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही, दादा, एकदा तुझ्या सहीवर विश्वास ठेवून झाला आहे.

मी तुझ्याशी बोलेन. आता नाही.

हेमेंद्र


हामामात्सु
२६ मार्च २०२५

भाऊजींस,

यांनी नाही लिहिलं, म्हणून मी लिहिते.

रुची गुरुवारी घरी आली. पंचेचाळीस दिवसांनी. केस त्यांनी कापले होते, चांगले कापले होते. तिला आधी मराठी आठवेना, दोन दिवस जपानीच बोलत होती. आता बोलते.

तुमचा आवाज त्यांनी तिला दहा तारखेला ऐकवला. दामिनीताई तिथे होत्या. त्या सांगतात, रुचीने तो तीनदा लावायला सांगितला. मग खुर्चीवरून उतरली आणि सगळं सांगितलं. बोरं, दिवा, आजीने धरलेले हात. तिने सांगितलेलं तुमच्या दुसऱ्या कागदाशी जुळलं. तिकडच्या डॉक्टरांना त्यांनी फोन करून विचारलं, तेही जुळलं. म्हणून ती आली. तुम्ही लिहिलं नसतं तर आली नसती, हे मी मान्य करते. तुम्ही पहिल्यांदाच खरं लिहिलं असतं तर केव्हाच आली असती, हे तुम्ही मान्य करा.

मी यांना विचारलं होतं, तुम्ही नाही ना केलं. ते वाक्य आता आमच्या घरात आहे. ते कुठे ठेवायचं ते आम्हाला कळत नाही.

ऑफिसने कागदावर घेतलं आहे, की सहा महिने दर आठवड्याला त्यांच्या बाई घरी येतील आणि रुचीचं अंग पाहतील. आणि रुचीला भारतात आमच्याशिवाय कोणाजवळ ठेवायचं नाही. त्यांनी लिहिलं नसतं तरी मी तेच केलं असतं. दिवाळीला आम्ही येऊ. सासूबाईंना नात पाहू द्यायची नाही इतकी मी वाईट नाही. पण ती माझ्या डोळ्यांसमोर राहील. तुमच्या मांडीवर बसेल तर मी शेजारी बसेन. सासूबाईंना वाईट वाटेल. वाटू द्या.

तुम्ही विचारलं होतं, पोर कशी आहे. खाते, झोपते. पाळणाघरात जाते. कोनिशी सेन्सेईंच्या गळ्यात पडली तेव्हा त्याच जास्त रडल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी पाहिलं आणि गप्प बसल्या नाहीत.

शुक्रवारी ऑफिसच्या बाई पहिल्यांदा घरी येऊन तिचं पोट पाहून गेल्या. काल गॅसचं मीटर पाहायला एक माणूस आला. मी दार उघडलं. रुची माझ्यामागून धावत आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने शर्ट गळ्यापर्यंत वर केला. तो बिचारा मागे सरला. मी तिचा शर्ट खाली ओढला. ती मला म्हणाली, "अजून पाहिलं नाही त्यांनी."

अशी आहे.

दुर्गेश्वरी